मोटार-अपघात आणि दाव्याची मुदत

कायद्याचा इतिहास म्हटला म्हणजे राजे, स्मृती, सनदा आणि संविधाने डोळ्यांपुढे उभी राहतात. मुदतीच्या कायद्याचे नाव काढले की मात्र वकिलांखेरीज इतरांचे लक्ष उडते. मुदत म्हणजे कचेरीतील तारखा आणि कारकुनाचा शिक्का. त्यात इतिहास तो कसला, असे वाटणे स्वाभाविक आहे. तथापि आज आम्ही हाच विषय मुद्दाम निवडला आहे. हक्क देणारे कलम कायद्याच्या एका पानावर असते आणि तो हक्क किती दिवस जिवंत राहील हे सांगणारे कलम दुसऱ्या पानावर असते. सामान्य माणसाचा न्याय पुष्कळदा या दुसऱ्या पानावरच अडतो.

मोटार-अपघातांचेच उदाहरण घ्या. २०२२ या एका वर्षात भारतातील रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे मरण पावली, असे केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाचा अहवाल सांगतो. यांतील बहुतेक मृत्यूंमागे एक घर आहे आणि पुष्कळ घरांत गेलेला माणूस हाच कमावता होता. भरपाई मागता येते, हे अशा घरांतून आज बऱ्याच जणांना ठाऊक असते. ती केव्हापर्यंत मागता येते, हे थोड्यांनाच ठाऊक असते. आणि त्यांना ते ठाऊक नसावे यात नवल नाही. सुमारे पावणेदोनशे वर्षांच्या काळात ही मुदत आपल्याकडे एक वर्ष होती, दोन वर्षे होती, साठ दिवस होती, सहा महिने होती, काही काळ मुळीच नव्हती, आणि मग पुन्हा सहा महिने झाली. एकाच दुःखासाठी राज्यकर्त्यांनी इतकी निरनिराळी मापे का वापरली, हा आजचा आमचा प्रश्न आहे.

प्रथम हे मान्य केले पाहिजे की मुदतीची कल्पना मुळात अन्यायाची नाही. काळाबरोबर साक्षीदार मरतात, गाव सोडून जातात किंवा विसरतात. कागद वाळवीच्या भक्ष्यस्थानी पडतात. ज्याच्यावर दावा व्हायचा त्यालाही कधी तरी निश्चिंतपणे झोपता आले पाहिजे. आजोबांच्या कृत्यासाठी नातवाला कोर्टात उभे करणे हा न्याय नव्हे. आणि आपल्या हक्काविषयी जो स्वतःच बेफिकीर राहिला, त्याच्यासाठी कायद्याने किती काळ दार उघडे ठेवावे? या तीन कारणांसाठी जगातील जवळजवळ प्रत्येक प्रगत कायदापद्धतीने केव्हा ना केव्हा मुदतीचा स्वीकार केला आहे.

आपल्या स्मृतिकारांनी या गोष्टीचा विचार फार पूर्वी केला होता. दुसरा मनुष्य आपली जमीन वीस वर्षे उपभोगीत आहे आणि मालक ते डोळ्यांनी पाहत असूनही तोंडातून शब्द काढीत नाही, तर त्याची हानी होते, असे याज्ञवल्क्य सांगतो. जंगम मालमत्तेसाठी तो दहा वर्षे सांगतो. या नियमातील दोन अटी लक्षात घेण्यासारख्या आहेत. नुसता काळ लोटला म्हणून हक्क जात नाही; मालकाला दिसत असले पाहिजे आणि तरीही तो गप्प बसलेला असला पाहिजे. दुसरे असे की, या नियमाला याज्ञवल्क्याने लागलीच अपवादही जोडले आहेत. गहाण, ठेव, शेताची शीव यांना हा नियम नाही. तसाच तो बालकाच्या, जडबुद्धीच्या आणि स्त्रियांच्या धनालाही नाही. ज्याला बोलता येणे शक्य नव्हते, त्याच्या मौनाचा अर्थ संमती असा लावू नये, हे त्यातील तत्त्व आहे. महाराष्ट्रात जिचे प्रामाण्य चालत आले त्या मिताक्षरा टीकेत विज्ञानेश्वराने तर आणखी पुढे जाऊन असा अर्थ लावला की, इतक्या काळानंतरही प्रत्यक्ष जमीन जात नाही, त्या काळातील उत्पन्न तेवढे जाते. हे तत्त्व श्रोत्यांनी ध्यानात ठेवावे. पुढे येणाऱ्या सर्व कायद्यांना आपण याच कसोटीवर घासून पाहणार आहोत.

पश्चिमेकडे रोमन सम्राट दुसरा थिओडोसियस याने इ. स. ४२४ मध्ये तीस वर्षांची सर्वसाधारण मुदत घातली. इंग्लंडमध्ये बराच काळ वर्षे मोजण्याऐवजी एखादा प्रसंग धरीत. १२७५ च्या कायद्याने जमिनीच्या दाव्यांसाठी पहिल्या रिचर्ड राजाच्या राज्यारोहणाचे ११८९ हे साल ठरविले आणि ती रेघ तशीच राहिली. त्यामुळे जसजसा काळ जाई तसतशी मुदत आपोआप लांबत जाई! अखेर १६२३ मध्ये पहिल्या जेम्सच्या कारकीर्दीत आधुनिक धर्तीचा कायदा झाला. मारहाण आणि जखम यांबद्दलच्या दाव्यांना चार वर्षे आणि इतर बऱ्याच दाव्यांना सहा वर्षे अशी त्याची मांडणी होती. हिंदुस्थानात कंपनी सरकारने आणलेली कल्पना ही या झाडाची फांदी होय. मुंबई इलाख्यात ती १८२७ च्या रेग्युलेशनांतून आली आणि पुढे १८५९ मध्ये साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानासाठी मुदतीचा पहिला एकत्रित कायदा झाला.

या १८५९ च्या कायद्याची महाराष्ट्रातील कहाणी आमच्या विषयाला इतकी जवळची आहे की ती सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. न नोंदलेल्या साध्या कर्जखतांची मुदत या कायद्याने तीन वर्षांवर आणली. हेतू चांगला होता. सावकाराने जुनी, विसरलेली खते काढून कुळाला छळू नये, तीन वर्षांत काय तो निकाल लावावा, अशी कल्पना होती. घडले ते उलटेच. तीन वर्षे भरत आली की सावकार कुळाला बोलावी आणि म्हणे, दावा लावतो नाही तर नवे खत लिहून दे. कुळ अंगठा उठवी. थकलेले व्याज मुद्दलात मिसळे आणि त्या वाढलेल्या मुद्दलावर पुन्हा व्याज चढू लागे. मुदत कोणाला माहीत होती? सावकाराला. कोर्टाची वाट कोणाच्या पायाखालची होती? सावकाराच्याच. तेव्हा कुळाच्या रक्षणासाठी बांधलेली भिंत सावकाराच्या हातातील हत्यार बनली. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे दंगा पेटला, तो पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरला आणि ठिकठिकाणी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांतील खतपत्रांची होळी केली. त्यानंतर नेमलेल्या दख्खन दंगा कमिशनने कारणे सांगताना मुदतीच्या कायद्याकडेही बोट दाखविले आणि १८७९ च्या शेतकरी साहाय्य कायद्याने शेतकऱ्यांवरील दाव्यांची मुदत पुन्हा वाढविण्यात आली. मुदत लहान की मोठी एवढ्यावरून ती न्याय्य की अन्याय्य हे ठरत नाही. ती कोणाला माहीत आहे आणि कोणाला पेलते, हे पाहावे लागते.

आता अपघाताकडे वळू. अपघाती मृत्यूबद्दल भरपाई मागता येते, हे आज आपल्याला उघड वाटते. परंतु इंग्रजी कायद्याला ते शेकडो वर्षे उघड नव्हते. १८०८ मधील एक खटला प्रसिद्ध आहे. एक पथिकाश्रमचालक आणि त्याची पत्नी घोड्यांच्या प्रवासी गाडीच्या टपावर बसून प्रवास करीत असता गाडी उलटली. नवऱ्याला खरचटले; पत्नीला इतका मार लागला की सुमारे महिन्याने ती दवाखान्यात मरण पावली. धंद्यात तिचा मोठा हातभार होता. नवऱ्याने दावा लावला. न्यायमूर्ती लॉर्ड एलेनबरो यांनी ज्यूरीला सांगितले की, पत्नी जिवंत असेपर्यंतच्या महिन्याभराच्या विरहाची भरपाई द्यावी. तिच्या मृत्यूची देता येणार नाही, कारण मनुष्याचा मृत्यू ही दिवाणी कोर्टात तक्रार करता येण्याजोगी हानीच नव्हे. याचा व्यवहारातील अर्थ विलक्षण होता. एखाद्याचा पाय मोडला तर पैसे भरावे लागत. तो मेला तर काही भरावे लागत नसे!

याच काळात एक जुनी चालही शिल्लक होती. ज्या वस्तूमुळे मनुष्य मेला ती वस्तू, मग ती गाडी असो, चाक असो की बैल असो, किंवा तिची किंमत, राजाकडे जमा होई. मृताच्या बायकामुलांचा तिच्यावर हक्क नसे. आगगाडी आली तेव्हा ही चाल हास्यास्पद होऊन बसली. एका धक्क्यात अनेक माणसे मरू लागली आणि वस्तू म्हणून साऱ्या इंजिनाची किंमत करावी लागू लागली. १८४६ मध्ये पार्लमेंटने ही चाल बंद केली, आणि त्याच वर्षी लॉर्ड कॅम्पबेल यांच्या नावाने ओळखला जाणारा कायदा करून मृताच्या पत्नीला, पतीला, आईबापांना आणि मुलांना भरपाई मागण्याचा हक्क दिला. मात्र दावा मृत्यूपासून बारा महिन्यांच्या आत लावला पाहिजे, अशी अट त्यात होती.

बोरीबंदर ते ठाणे ही आपली पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली आणि दोनच वर्षांनी, १८५५ मध्ये, इंग्लंडच्या नमुन्यावर हिंदुस्थानात प्राणघातक अपघातांचा कायदा झाला. हा छोटासा कायदा पुढे शंभर वर्षे येथील विधवांचा मोठा आधार होता. १९०८ च्या मुदतीच्या कायद्यातही अशा दाव्याला मृत्यूच्या तारखेपासून एकच वर्ष दिलेले होते, आणि शरीराला झालेल्या इतर इजांच्या दाव्यालाही एकच वर्ष. म्हणजे इंग्रजी तारखेने पाहिले तर ज्या दिवशी घरात वर्षश्राद्ध व्हायचे, त्याच सुमारास कोर्टाचे दार बंद व्हायचे. त्यातही दाव्याला उशीर माफ करण्याची सोय नव्हती. सबळ कारण दाखविले तर उशीर माफ करण्याचा जो अधिकार कोर्टांना आहे, तो अपिलांना आणि अर्जांना लागू पडतो. मूळ दाव्याला लागू पडत नाही. एवढेच नव्हे, प्रतिवादी मुदतीविषयी मूग गिळून बसला तरी मुदतबाह्य दावा कोर्टाने आपणहून काढून टाकावा, असा दंडक होता आणि आहे. पुढे १९६३ च्या मुदतीच्या कायद्याने मृत्यूच्या दाव्यासाठी एकाची दोन वर्षे केली.

या चौकटीत मोटार आली. १७ ऑगस्ट १८९६ रोजी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आवारात एक पादचारी स्त्री मोटारीखाली सापडून मरण पावली. ब्रिटनमध्ये मोटारीने घेतलेला पादचाऱ्याचा हा पहिला बळी समजतात. असे पुन्हा कधी घडू नये, अशी इच्छा तेथील मृत्युशोधक अधिकाऱ्याने व्यक्त केली होती. त्या इच्छेचे पुढे काय झाले ते आपण जाणतोच. आपल्याकडे १९१४ मध्ये मोटारींचा पहिला अखिल भारतीय कायदा झाला. तो मुख्यतः वाहनांची नोंद आणि चालकांचे परवाने यांचा होता. अपघातग्रस्ताच्या वाट्याला त्यातून फारसे काही आले नाही. मोटारीची गोष्ट आगगाडीहून एका बाबतीत वेगळी होती. आगगाडीच्या मागे श्रीमंत कंपनी उभी असे. मोटारीच्या मागे पुष्कळदा एखादा कर्जबाजारी मालक असे, ज्याच्यावर हुकूमनामा मिळवूनही वसूल काही व्हायचे नाही. म्हणून इंग्लंडने १९३० मध्ये तिसऱ्या व्यक्तीला होणाऱ्या हानीसाठी मोटारीचा विमा सक्तीचा केला. आपल्या १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने तेच केले. मात्र सक्तीच्या विम्याचा भाग अमलात आला तो १ जुलै १९४६ पासून. विमा आला म्हणजे पैसे देणारा आला. परंतु ते मागायचे कोठे? पूर्वीप्रमाणेच दिवाणी कोर्टात, मागणीच्या रकमेच्या प्रमाणात कोर्ट-फी भरून, आणि वर्षानुवर्षे तारखा मोजून.

या अडचणीतून १९५६ ची दुरुस्ती निघाली, आणि येथे आपला विषय खऱ्या अर्थाने सुरू होतो. या दुरुस्तीने राज्य सरकारांना मोटार-अपघात दावा न्यायाधिकरणे नेमण्याचा अधिकार दिला. न्यायाधिकरण नेमले गेले की त्या भागातील दिवाणी कोर्टाचा अशा दाव्यांपुरता अधिकार संपे. दाव्याऐवजी साधा अर्ज, थोडी फी, सुटसुटीत चौकशी, अशी ही योजना होती. स्वतंत्र भारताच्या कायद्यांतील ही एक लोकोपयोगी गोष्ट आहे, यात शंका नाही. परंतु याच कलमात एक पोटकलम होते: अपघातापासून साठ दिवसांच्या आत अर्ज आला पाहिजे. वर्षाची मुदत दोन महिन्यांवर आली!

साठ दिवसांमागचा विचार समजण्यासारखा आहे. रस्त्यावरील अपघाताचा पुरावा बर्फासारखा वितळतो. टायरचे व्रण पहिल्या पावसात जातात, ट्रक दुसऱ्या प्रांतात जातो, क्लीनर नोकरी सोडतो. त्वरित चौकशी हवी तर त्वरित अर्जही हवा, असे कायदा करणाऱ्यांना वाटले असावे. शिवाय पुरेशा कारणाने अर्जदार अडला होता अशी खात्री पटल्यास उशीर माफ करण्याचा अधिकार न्यायाधिकरणाला दिलेला होता, आणि त्या अधिकाराला वरची सीमा घातलेली नव्हती. म्हणजे दार लवकर लोटले जाई, पण कडी लावलेली नसे. तरीही साठ दिवस फारच थोडे पडतात हे अनुभवाला आले आणि १९६९ च्या दुरुस्तीने साठ दिवसांचे सहा महिने झाले.

दरम्यान एक चमत्कारिक पेच उभा राहिला. न्यायाधिकरणे सगळीकडे एकाच वेळी स्थापन झाली नाहीत. समजा, अपघात झाला तेव्हा न्यायाधिकरण नव्हते. दावा कोर्टात दोन वर्षांत लावायचा म्हणून घरचे लोक निर्धास्त होते. आणि मध्येच न्यायाधिकरण स्थापन झाले. आता कोर्टात जावे तर कोर्टाचा अधिकार गेलेला, न्यायाधिकरणाकडे जावे तर अपघाताला साठ दिवस केव्हाच उलटून गेलेले. उत्तर प्रदेशातील असेच एक प्रकरण १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आले. न्यायालयाने सांगितले की, कोठे आणि कोणत्या रीतीने मागायचे हा कार्यपद्धतीचा प्रश्न आहे, म्हणून जावे लागेल ते न्यायाधिकरणाकडेच. परंतु मागण्याचा मूळ हक्क या बदलाच्या जात्यात भरडला जाता कामा नये. न्यायाधिकरण अस्तित्वातच नव्हते तो काळ अर्जदाराच्या विरुद्ध मोजणे योग्य नव्हे आणि उशीर माफ करण्यास ते पुरेसे कारण आहे. जे दार अजून बांधलेलेच नाही, त्यावर वेळेत थाप मारली नाही म्हणून कोणाला दोष देणार?

१९८८ मध्ये मोटार वाहनांचा नवा कायदा झाला आणि १ जुलै १९८९ पासून अमलात आला. त्याच्या १६६ व्या कलमात सहा महिन्यांची मुदत कायम राहिली. पण उशीर माफ करण्याच्या अधिकाराला प्रथमच कुंपण पडले. सहा महिन्यांनंतर फार तर बारा महिन्यांपर्यंत. त्यापुढे कारण कितीही खरे असो, न्यायाधिकरणाचे हात बांधलेले. आता दाराला कडी बसली. पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेल्या एका प्रकरणात डिसेंबर १९९० मधील अपघाताचा अर्ज डिसेंबर १९९१ मध्ये, बारा महिन्यांची सीमा ओलांडून अवघ्या काही दिवसांनी आला होता. तेवढ्यावरून तो फेटाळला गेला आणि उच्च न्यायालयातही तो टिकला नाही.

अशा घरांची स्थिती डोळ्यांपुढे आणा. गेलेल्याचे दिवस होतात. मग जखमी असलेल्या दुसऱ्या कोणाच्या इस्पितळाच्या फेऱ्या सुरू होतात. पोलीस ठाण्यातून पंचनाम्याची आणि पहिल्या खबरीची नक्कल आणायची, इस्पितळातून शवविच्छेदनाचा अहवाल, मामलेदार कचेरीतून वारसांचे कागद, मालकाकडून पगाराचा दाखला. आणि गेलेला माणूस हमाल किंवा शेतमजूर असेल तर पगाराचा दाखला द्यायचा कोणी? गाडीचा क्रमांक एका राज्याचा, मालक दुसऱ्या राज्यातला, विम्याची कचेरी तिसऱ्या शहरात. ज्या बाईने आजवर तालुक्याच्या गावी एकटीने पाऊल टाकलेले नाही, तिने हे सारे करायचे, आणि तेही नवऱ्याच्या मृत्यूनंतरच्या पहिल्या वर्षात. ही बाई झोपलेली होती, बेफिकीर होती, असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

१९९४ मध्ये संसदेने हे ओळखले. त्या वर्षीच्या ५४ व्या अधिनियमाने १६६ व्या कलमातील मुदतीचे पोटकलमच काढून टाकले, आणि १४ नोव्हेंबर १९९४ पासून मोटार-अपघाताच्या अर्जाला कोणतीही मुदत उरली नाही. दोन वर्षांनी, १९९६ मध्ये, आताच उल्लेखिलेले ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे निकालास आले. न्यायालयाने म्हटले की, बहुतेक अर्जदारांना मुदतीचे ज्ञान नसते, कर्ता पुरुष गेल्यावर कित्येक कुटुंबे अक्षरशः रस्त्यावर येतात, आणि केवळ मुदतीच्या कारणावरून अर्ज फेटाळण्यात होणारा घोर अन्याय संसदेच्या लक्षात आल्यामुळेच हे पोटकलम वगळण्यात आले. ज्यांची प्रकरणे अजून चालू आहेत त्यांनाही या बदलाचा लाभ मिळाला पाहिजे, असे न्यायालयाने ठरविले. याज्ञवल्क्याने बालकाच्या आणि स्त्रीच्या धनासाठी जो अपवाद केला होता, त्याच्याशी या निर्णयाचे नाते जोडण्यात आम्हांला अतिशयोक्ती वाटत नाही.

त्याच १९९४ च्या दुरुस्तीत आणखी एक तरतूद होती, आणि आमच्या मते ती अधिक मोलाची होती. पोलिसांनी अपघाताचा अहवाल तीस दिवसांत न्यायाधिकरणाकडे पाठवावा आणि न्यायाधिकरणाने त्या अहवालालाच भरपाईचा अर्ज समजावे, अशी ती होती. म्हणजे घरच्यांनी कोर्टाकडे जाण्याऐवजी कोर्टानेच त्यांच्याकडे यावे. ही तरतूद कसून अमलात आली असती तर मुदतीचा वादच बव्हंशी मिटला असता. परंतु पुष्कळ ठिकाणी ती कागदावरच राहिली आणि ती पाळली जावी म्हणून सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा पुन्हा आदेश द्यावे लागले.

मुदत गेल्यावर दुसरी बाजूही दिसू लागली, आणि इतिहास सांगणाऱ्याने ती लपवू नये. कित्येक वर्षांनी येणारे अर्ज, तपासून पाहता न येणारे अपघात, एका अपघातात नसलेले वाहन नंतर घुसडण्याचे प्रकार, अशी विमा कंपन्यांची तक्रार होती, आणि ती सर्वस्वी निराधार नव्हती. उत्तर प्रदेशात संशयास्पद दाव्यांची चौकशी करण्यासाठी २०१५ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशाने विशेष तपास पथक नेमावे लागले. विम्याच्या निधीत पैसा येतो तो तुम्हा-आम्हा वाहनधारकांच्या हप्त्यांतूनच. खोट्या दाव्याला दिलेला पैसा खऱ्या विधवेच्या ताटातून जातो, हेही विसरता कामा नये.

२०१९ च्या दुरुस्ती कायद्याने घड्याळाचा काटा पुन्हा मागे फिरविला. अपघातापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज आल्याखेरीज तो विचारात घेऊ नये, असे पोटकलम १६६ व्या कलमात परत आले आणि १ एप्रिल २०२२ पासून ते अमलात आले. या वेळी पुरेशा कारणाने उशीर माफ करण्याचे वाक्य त्या पोटकलमाला जोडलेले नव्हते. १९५६ मध्ये दार नुसते लोटलेले होते, १९८८ मध्ये त्याला कडी आली, आणि आता कुलूप घातल्यासारखे दिसू लागले. याच वेळी अमलात आलेल्या नियमांनी पोलिसांवर मात्र मोठी जबाबदारी टाकली: अपघाताचा पहिला अहवाल अठ्ठेचाळीस तासांत, अंतरिम अहवाल पन्नास दिवसांत आणि सविस्तर अहवाल नव्वद दिवसांत न्यायाधिकरणाकडे गेला पाहिजे. डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या नियमांच्या अंमलबजावणीसाठी तपशीलवार आदेश दिले. पुढे सहा महिन्यांच्या पोटकलमाच्या वैधतेलाच आव्हान देण्यात आले, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असा अंतरिम आदेश दिला की, हा प्रश्न निकालात निघेपर्यंत केवळ या मुदतीच्या कारणावरून अर्ज फेटाळू नयेत. अंतरिम आदेश म्हणजे अंतिम निकाल नव्हे. म्हणून ज्यांच्या घरावर असा प्रसंग येईल त्यांनी सहा महिने हीच मुदत समजून चालावे आणि दिवस न घालविता वकिलाचा किंवा विधी सेवा प्राधिकरणाचा सल्ला घ्यावा, एवढे व्यावहारिक सांगणे येथे अप्रस्तुत होणार नाही.

ज्या इंग्लंडचा नमुना आपण १८५५ मध्ये उचलला, तेथे पुढे काय झाले हे पाहणे बोधप्रद आहे. बारा महिन्यांची मूळ मुदत १९५४ मध्ये तीन वर्षे झाली. त्यानंतर, आपल्याला इजा झाली आहे हे कळण्यापूर्वीच मुदत संपावी यातील विसंगती न्यायाधीशांच्या आणि पार्लमेंटच्या नजरेस आली. १९८० च्या कायद्याप्रमाणे ही तीन वर्षे घटनेपासून किंवा दावेदाराला महत्त्वाच्या गोष्टी कळल्या त्या दिवसापासून मोजतात, आणि न्यायाला आवश्यक वाटल्यास मुदत बाजूला ठेवण्याचा अधिकारही कोर्टाला आहे. म्हणजे काळ केव्हापासून धावतो, या प्रश्नाला त्यांनी 'कळल्यापासून' असे उत्तर दिले. हे उत्तर स्मृतिकारांच्या 'पाहत असूनही' या अटीच्या किती जवळचे आहे, हे सुज्ञांस सांगावयास नको.

आता साऱ्या इतिहासाची बेरीज करू. मुदत असावी की नसावी, हा वाद आम्हांला दुय्यम वाटतो. मुदत नसली तर खोट्याचे फावते आणि खराही पुरावा विरून जातो. मुदत कडक असली तर अडाणी आणि दुःखी माणूस मारला जातो. १८५९ च्या कायद्याने जे झाले तेच पुन्हा होते: ज्याला कायदा माहीत आहे त्याच्या बाजूने काळ लढतो. एका बाजूला विमा कंपनी आहे. तिच्या कचेरीत वकील आहेत, तारखांची वही आहे. दुसऱ्या बाजूला नुकतीच विधवा झालेली स्त्री आहे. या दोघांना एकाच घड्याळाने मोजणे ही समता दिसते, पण ती समता नव्हे.

मग उपाय कोणता? अपघात घडला हे विधवेच्याही आधी ज्याला कळते, असा एक जण असतो. तो म्हणजे पंचनामा करणारा पोलीस अधिकारी. गाडीचा क्रमांक, चालकाचा परवाना, विम्याचा कागद हे सारे पहिल्याच दिवशी त्याच्या हातात येते. तेव्हा घाई करायचीच असेल तर ती त्याने करावी, म्हणजेच राज्याने करावी. अहवालाचे अठ्ठेचाळीस तास आणि नव्वद दिवस काटेकोरपणे पाळले गेले आणि तो अहवालच अर्ज मानला गेला, तर पुरावाही ताजा राहील, खोट्या दाव्यालाही वाव उरणार नाही, आणि सहा महिन्यांचे पोटकलम कोणाचाही गळा कापणार नाही. ते अहवाल वेळेवर गेले नाहीत, तर मात्र सरकारच्या दिरंगाईची शिक्षा अर्जदाराला देण्याचा अधिकार कोणत्याही कायद्याला असू नये. राज्य स्वतःचे दिवस पाळील तेव्हाच त्याने नागरिकाचे दिवस मोजावेत. आपल्या गावच्या ठाण्यात अपघाताचे अहवाल किती दिवसांत जातात, हे विचारण्याचा हक्क आपणा सर्वांना आहे, आणि तो विचारावयास कायद्याने कोणतीही मुदत घातलेली नाही.